कंबर, ओटीपोट आणि पळणं : आषाढातली नोंद

आधी सध्याची स्थिती. सपाटीवर पाच-सहा किलोमीटर पळता येतंय, दुखणं दहापैकी दोनच्या वर जात नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर मोकळी असते. चढ अजून चालतच चढते. उतारावर पळणं पूर्ण बंद ठेवलंय. दुखण्याला नाव अजून मिळालेलं नाही. तरीही पळणं पुन्हा कसं सुरू झालं, ते या वेळी सविस्तर लिहिते, कारण आपल्या पळणाऱ्यांच्या गटातल्या दोघी-तिघींचं दुखणं असंच आहे.

"कंबर दुखते" एवढ्यावरून समोरच्याला काही कळत नाही, म्हणून नेमकं सांगते. उजव्या बाजूला, पाठ संपते तिथे जी खळी पडते, तिथे एका बोटाने जागा दाखवता येते. पळताना पहिले दोन किलोमीटर काही नसतं. मग तिथे रग लागते, ती खुब्याला वळसा घालून जांघेत उतरते आणि शेवटी ओटीपोटात खोल ठणका बसतो. थांबलं की दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं. पायाला मुंग्या नाहीत, गुडघ्याच्या खाली काही जात नाही.

एक्स-रे, लघवीची तपासणी, सोनोग्राफी, एमआरआय सगळं झालं. सगळं नॉर्मल, फक्त कमरेच्या एका चकतीला किंचित फुगवटा. त्यावरून एका ठिकाणी मला "आता पळणं विसरा" असं सांगण्यात आलं. मी ते मानलं नाही. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या मणक्यांचे स्कॅन एकत्र पाहिले होते. विशीतल्या ३० टक्के आणि चाळिशीतल्या ५० टक्के लोकांत असा फुगवटा सापडला. म्हणजे माझ्या वयाच्या ठणठणीत माणसांमध्येही दर दोघांपैकी एकाच्या रिपोर्टमध्ये हे वाक्य येणार. तेवढ्यावरून कुणाचं पळणं सोडवणं मला पटत नाही.

मात्र "रिपोर्ट नॉर्मल, चला पळू" हेही बरोबर नाही. बसताना टेकतो तो भाग बधिर होणं, लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, पायांतली ताकद कमी होत जाणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, मिळेल त्या वाहनाने हॉस्पिटल गाठायचं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, कारण नसताना घटणारं वजन, हेही डॉक्टरांना लगेच सांगायचं. पंचेचाळिशीच्या आतल्या कुणाची कंबर सकाळी अर्धा तासाहून जास्त आखडत असेल आणि बसून राहण्यापेक्षा हालचालीने बरं वाटत असेल, तर संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा. आणि पळणाऱ्यांनी एक जास्तीचं ध्यानात ठेवायचं. पळताना प्रत्येक पावलागणिक वाढत जाणारं दुखणं आणि एका पायावर उडी मारली की जांघेत येणारी कळ ही हाडाला बारीक चीर गेल्याची खूण असू शकते. सुरुवातीच्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसत नाही. पाळी लांबत असेल, खाणं कमी पडत असेल, तर ही शंका आणखी गंभीरपणे घ्यायची.

बायकांसाठी आणखी एक. ओटीपोट दुखत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटणं टाळू नका. एन्डोमेट्रिओसिसचं (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचं) दुखणं कमरेतही जाणवतं आणि साध्या सोनोग्राफीत तो आजार कधी कधी दिसतच नाही. मी वहीत पाळीच्या तारखा टाकायला लागले. पाळीच्या आधी ठणका थोडा वाढतो, पण बाकीच्या दिवसांतही तो पळतानाच येतो. हे कागदावर होतं म्हणून डॉक्टरांशी बोलणं सोपं झालं.

खरी वाट फिजिओच्या टेबलावर सापडली. त्यांनी मला उताणं झोपवलं आणि गुडघा न वाकवता उजवा पाय वीतभर उचलायला सांगितला. पाय उचलला गेला, पण शिसं भरल्यागत जड. पोट वर आलं, श्वास कोंडला. "डावा उचला." तो सहज आला. मग त्यांनी कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर तळवे ठेवले आणि घट्ट आत दाबून धरलं. "आता परत उजवा." तोच पाय हलका होऊन वर आला! मी दोनदा उचलून खात्री केली.

त्यांनी समजावलं ते असं. माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांमध्ये अडकलेलं असतं. तिथले सांधे अगदी थोडे हलतात, पण धडाचा सगळा भार तिथूनच पायांत उतरतो. तो सांधा घट्ट धरायचं काम अस्थिबंधांचं आणि पोट, पाठ, कुल्ले, ओटीपोटाचा तळ इथल्या स्नायूंचं. बाहेरून दाबल्यावर पाय हलका होतो म्हणजे आतून मिळायला हवा तो आधार वेळेवर मिळत नाही. "यावरून काय बिघडलंय ते ठरत नाही, पण काम कुठून सुरू करायचं ते कळतं," असं त्या म्हणाल्या. दुसरी गोष्ट मला अगदीच अनपेक्षित होती. माझा ओटीपोटाचा तळ ढिला नसून सतत आवळलेला होता. मी तर पाहून पाहून कीगलचे, म्हणजे तोच तळ आवळून धरण्याचे, व्यायाम वाढवत होते. त्यांनी ते थांबवायला लावले, कारण आधीच आवळलेल्या स्नायूंना त्याने त्रास वाढू शकतो. त्याऐवजी पाय खुर्चीवर टाकून पडायचं, श्वास पोटात खोल घ्यायचा आणि तळ सैल पडू द्यायचा.

बाकीचा व्यायाम तुमच्या ओळखीचा आहे. गुडघ्यांवरचा साइड प्लँक (कुशीवर, कोपर टेकून अंग उचलून धरणं), बर्ड-डॉग (ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं), एका पायावरचा ब्रिज (उताणं झोपून कंबर उचलणं), आणि जिन्याच्या पायरीवरून एक पाय सावकाश खाली टेकवणं. जोर लावताना श्वास सोडायचा, कोंडायचा नाही. यातली पायरीची हालचाल मला सगळ्यात उपयोगी पडली. आरशासमोर केली तेव्हा उजव्या पायावर भार आला की डावी कंबर खाली झुकताना स्पष्ट दिसायची. आता कमी झुकते.

पळण्यात दोन बदल केले. पहिला रस्त्याचा. नाशिकच्या गंगापूर रोडच्या कडेने पळताना रस्ता गटाराकडे उतरता असतो, त्यामुळे एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो. आता बहुतेक वेळा गोल्फ क्लबच्या किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर जाते आणि फेऱ्यांची दिशा बदलत राहते. दुसरा बदल पावलांचा. वेग तोच ठेवून दर मिनिटाची पावलं ५ ते १० टक्के वाढवली की पाऊल आखूड पडतं आणि खुब्यावरचा, गुडघ्यावरचा भार कमी होतो. सुरुवातीला फार चमत्कारिक वाटलं, आता अंगवळणी पडलंय. आमच्या ट्रॅकवरचे एक काका रोज सांगतात, "अगं, पाऊल लांब टाक, मोकळं होईल." त्यांचा जीव आहे माझ्यावर, पण माझ्या वहीत लांब पावलाच्या दिवशी ठणका ठरलेलाच आहे.

वहीत तीनच आकडे लिहिते : पळताना, रात्री, दुसऱ्या सकाळी. पळताना तीनपर्यंत गेलं तरी सकाळपर्यंत उतरलं तर तेवढंच अंतर पुन्हा. सकाळीही राहिलं तर पुढच्या वेळी कमी. अंतर आणि चढ एकाच आठवड्यात वाढवायचं नाही, कारण मग दुखण्याचं खापर कशावर फोडायचं ते कळत नाही.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरी डोंगराची फेरी करायची इच्छा आहे. साधारण वीस किलोमीटर, चिखल आणि दगडगोटे, पण चालतच. त्याआधी नाशिकजवळच्या डोंगरावरच्या चामर लेणीच्या पायऱ्या चढून बघणार आहे, उतरताना कठड्याला हात लावून आणि सावकाश. त्या दिवसाचे तिन्ही आकडे पुढच्या नोंदीत टाकते. तुमच्यापैकी कुणाला उतारावर असाच त्रास होऊन कमी झाला असेल, तर कशाने झाला ते जरूर सांगा.