एका डोसचे उत्तर देणाऱ्या मुली

माझी पुतणी यंदा सातवीत गेली आणि घरात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा विषय निघाला, तेव्हा वहिनींनी विचारले, "एवढ्या लहान मुलीला हे आत्ताच कशाला?" प्रश्न रास्त आहे. हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा संसर्ग लैंगिक संबंधांतून होतो आणि एकदा झालेला संसर्ग ही लस बरा करू शकत नाही; म्हणून ती त्याआधीच, ९ ते १४ या वयात, द्यायची असते. शिवाय या वयात शरीराचा प्रतिसादही अधिक जोमदार असतो.

या लसीच्या इतिहासात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. दोन डोस पुरतात की तीनच हवेत, हे पाहण्यासाठी २००९ मध्ये देशात अनेक ठिकाणी १० ते १८ वर्षांच्या मुलींवर एक अभ्यास सुरू झाला. त्यात पुणे आणि बार्शी ही केंद्रे होती. २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधील एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पातील काही मुलींच्या मृत्यूंमुळे सरकारने सगळीकडचेच काम थांबवले. ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते, असे चौकशीत आढळले. मात्र त्या प्रकल्पात पालकांची संमती घेताना झालेली हेळसांड खरी होती, आणि तिच्यावर झालेली टीका मला योग्यच वाटते.

काम थांबल्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही, आणि सुमारे दहा वर्षांनंतर असे दिसले की या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के प्रकरणांना कारणीभूत असलेल्या, विषाणूच्या १६ आणि १८ या क्रमांकांच्या प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसनेही दोन-तीन डोसांच्या जवळजवळ तेवढेच संरक्षण दिले होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वयोगटासाठी एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा पुरावा महत्त्वाचा होता.

तो अभ्यास परदेशी लसीचा होता. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस २०२३ मध्ये आली. तिचे १४ वर्षांपर्यंत सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, तर त्यापुढे २६ वर्षांपर्यंत तीन डोस ठरवलेले आहेत, त्यामुळे डोसांची संख्या बालरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवावी. वहिनींना मी आणखी एक आग्रहाने सांगितले: लस मुलीसाठी आहे, पण तिशी ओलांडलेल्या तुम्ही स्वतः गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या, आणि लस घेतलेल्या मुलीनेही पुढे त्या वयात ती चुकवू नये.