खटखट

सप्टेंबर 2020. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा झूमवरचा तास, विषय प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप. पटावर साठच्या वर मुलं, पडद्यावर एकतीस, आणि त्यातल्या एकाचंही तोंड दिसत नाही. काळे चौकोन आणि त्यात नावं. बावीस वर्षं फळ्यावर संख्याशास्त्र शिकवलं. सिग्मा काढून मागे वळलं की तिसऱ्या बाकावरच्या भुवया सांगायच्या, पुन्हा समजवा. इथे माउसने काढलेला सिग्मा म्हणजे कोंबडीचा पाय. शेवटी स्वयंपाकघरातल्या फडताळाला फोन उलटा बांधला, खाली कोरा कागद ठेवला. घरातली फोडणी माझ्या वेळापत्रकावर चालू लागली. त्याबद्दल काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

त्या दिवशी सूत्र लिहीत होतो आणि एका चौकोनातून खटखट, खटखट. कुणाचंच काही ऐकू येईना. "माईक बंद करा" तीनदा सांगितलं. चौथ्यांदा चिडलो आणि त्या मुलाला तासातून काढूनच टाकलं. शांत झालं. बरंही वाटलं.

संध्याकाळी त्याचा फोन. "सर, मला का काढलं? परत येऊ पण देईना."

झूमवर एकदा काढलेल्याला, ती सेटिंग आधी बदलून ठेवली नसेल तर, त्याच तासात परत येता येत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं.

"अरे, तो आवाज कसला?"

"मागाचा, सर. कारखान्यातून ऐकतो मी. घरी रेंज धड नाही, आणि नेट धाकटीच्या शाळेला लागतं. इथे मालकाचं वायफाय आहे. धाग्याची कांडी भरत बसलो की हात कामात आणि कान तासात. फोनला बोट लागलं असेल, माईक चालू झाला."

सोलापूरच्या पूर्व भागात माझा जन्म गेला. अशोक चौकाच्या पलीकडे तो आवाज दिवसरात्र असतो. तरी मी ओळखला नाही. खरं तर ओळखला होता. वर्गात तो असेल असं डोक्यातच आलं नव्हतं.

रात्री तासाच्या रेकॉर्डिंगची फाईल पाहिली: तीनशे एमबीच्या वर. तोच भाग दहा मिनिटांत बोलून व्हॉट्सॲपवर टाकला, दोन एमबीसुद्धा झाला नाही. सोबत हाताने लिहिलेल्या पानाचा फोटो. तेव्हापासून तेच करत राहिलो. व्हिडिओ बनवायच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मात्र माझ्याकडे आहे, रंगीत.

पुढच्या आठवड्यात त्याला म्हटलं, पाच पाळ्यांत धागा किती वेळा तुटला ते दोन मागांचं लिहून आण. पहिला माग: 9, 10, 11, 10, 10. दुसरा: 4, 16, 13, 7, 10. सरासरी दोन्हींची दहाच. विचलन काढलं तर पहिल्याचं 0.63, दुसऱ्याचं 4.24.

"याचा अर्थ काय?" मी विचारलं. चौकोन गप्प. मग खटखटीसकट तोच बोलला, "सर, दुसऱ्या मागावर उभं राहायला कोणी तयार नसतं. मालक म्हणतो, दोन्ही सारखेच आहेत की."

कुठल्यातरी दुसऱ्याच चौकोनातून कुणीतरी हसलं. त्याच्याही मागे खटखट चालू होती.