आमची वाटचाल : आधी पाइप, मग केबल

नमस्कार मंडळी, घरात नेटवर्कच्या वायरी ओढून द्यायचा वेगळा धंदा असतो का असं अजूनही लोक विचारतात. असतो, आणि नाशकात आमचं घर त्यावरच चालतं. मी आणि माझा मेव्हणा साइटवर, हिशोब आणि कोटेशन बायकोकडे, आणि उधारी वसूल करायची असली की तीच फोन करते कारण आम्हा दोघांना ते जमत नाही.

सुरुवात सायबर कॅफेपासून झाली. देशात लोकांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलचं, पण आमच्याकडे गल्लोगल्ली कॅफे निघायला आणखी काही वर्षं गेली. तेव्हा काळी कोअॅक्स केबल असायची, प्रत्येक पीसीच्या मागे ती जोडणारा बीएनसीचा टी, दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर म्हणजे टोक बंद करणारं बूच, आणि एखाद्या पोराने खुर्ची मागे घेताना एक टी जरी ढिला केला तरी अख्खा कॅफे बसायचा आणि मालक आम्हाला फोन करायचा. नंतर सगळे पीसी एका डब्यात जोडणारे हब आले, आठ तारांची कॅट फाइव्ह केबल आली, मग हबच्या जागी स्विच आले, आणि कॅफे हळूहळू बंद पडले. मग सीएची ऑफिसं, क्लासेस, दवाखाने अशी कामं करत राहिलो. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि सगळे म्हणायला लागले, अहो आता सगळं मोबाइलवर आणि वायफायवर, वायरी कशाला हव्यात. खरं सांगतो, त्या दोन-तीन वर्षांत आम्ही सीसीटीव्हीवरच तगलो.

घराची कामं खरी आली ती मार्च २०२० नंतर. पुण्या-मुंबईच्या आयटीतली पोरं लॅपटॉप घेऊन आईवडिलांकडे आली आणि राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या मागे! पोरगा वरच्या मजल्यावर बसलेला, मध्ये सळईने भरलेला स्लॅब. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय स्लॅबमधून नीट जात नाही, २.४ जातं पण सोसायटीत सगळ्यांचे राउटर तिथेच कोंबलेले. मग लोक वायफाय पुढे पोचवणारा एक्स्टेंडर आणायचे, पण तो त्याच एका रेडिओवर घेणार आणि त्याच रेडिओवर पुढे देणार, स्पीड निम्मा होणारच ना.

गंगापूर रोडला एका बंगल्यात मावशींनी बजावलं, रंग नुकताच झालाय, भिंतीला हात लावायचा नाही आणि वायर झाकायची ती पांढरी पट्टी पण नको. आता काय करायचं. गच्चीवरच्या डिशची जुनी केबल पाइपातून खाली हॉलपर्यंत येत होती, वरच्या खोलीतल्या बॉक्समधूनच, आणि डिश बंद होऊन जमाना झालेला. तिच्याच टोकाला आमच्या कॅट सिक्सच्या, म्हणजे कॅट फाइव्हच्या पुढच्या जातीच्या, दोन केबल बांधल्या, टेप निमुळता गुंडाळला, पाइपात टाल्कम पावडर फुंकली, आणि मेव्हणा खालून ओढतोय, मी वरून हळूहळू सोडतोय. वळणावर अडकली, मागे घेतली, परत सोडली, आणि आली खाली. भिंतीला एक ओरखडा नाही. मावशींनी चहाबरोबर चिवडा दिला, तो बोनस.

तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की केबलवर वाद घालण्यापेक्षा पाइपावर खर्च करा. केबल कधी ना कधी बदलावी लागणार, पाइप नीट असेल तर ते तासाभराचं काम आहे, नसेल तर गवंडी, झिरी, प्लॅस्टर, रंग सगळं परत. २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, काटकोनी एल्बो नको, लांब बेंड टाका, आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. आणि लाइटच्या वायरींचा पाइप वेगळाच. वायरमन म्हणतो एकातच जाऊ द्या हो काय फरक पडतो, पण २३० व्होल्ट आणि डेटा एका पाइपात टाकणं हे सुरक्षेच्या दृष्टीनेच चूक आहे, सिग्नलचं तर सोडाच. शेजारून न्यायचीच असेल तर अंतर ठेवून, आणि ओलांडायची असेल तर सरळ आडवी काटकोनात.

आता कुठली केबल. घरासाठी कॅट सिक्स, विषय संपला. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, १०० मीटरपर्यंत कॅट फाइव्ह ई पण चालते, पण किमतीतला फरक फार नाही, आणि कॅट सिक्सवर साधारण ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट पण जातं, आपल्या घरात एवढं अंतर कुठलं. कॅट सिक्स ए जाड असते, वळवताना जीव जातो, मोठी साइट असेल तरच घ्या. आणि दुकानात कॅट सेव्हन म्हणून जे दाखवतात, साधा आरजे फॉर्टीफाइव्ह प्लग लावलेलं, शील्डला म्हणजे तारांवरच्या धातूच्या आवरणाला अर्थिंगचा पत्ता नाही, त्यात पैसे घालू नका.

खरी फसवणूक वेगळीच आहे. ३०५ मीटरचा बॉक्स कुणी फारच स्वस्तात देत असेल तर ती सीसीए असते, म्हणजे आत अॅल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. बॉक्स उचलला तरी हलका लागतो. ब्लेडने तार खरवडून बघा, आत चंदेरी दिसलं की परत करा. दोन-चारदा वाकवली की तुटते, आणि कॅमेऱ्याला पीओई, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज, द्यायला गेलात तर रेझिस्टन्स जास्त म्हणून व्होल्टेज पडतं, रात्री अंधारात बघायचे आयआर लाइट लागले की कॅमेरा रिस्टार्ट. आमच्याकडे अशा निम्म्या तक्रारी दुसऱ्यांनी टाकलेल्या सीसीएच्याच असतात.

अजून एक गंमत. एक जण म्हणाला ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतलाय पण स्पीड टेस्ट ९४ च्या पुढे हलत नाही, कंपनी चोर आहे. ९४ ऐकलं की आम्ही टूल घेऊनच निघतो. केबलमधल्या आठ तारांच्या चार जोड्यांपैकी एक तुटली किंवा जॅकमध्ये नीट बसली नाही की लिंक १०० वर येते आणि टेस्टला ९४ च्या आसपास दिसतात, कारण १०० ला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. तिथे निळी तार अर्धी बाहेर होती, पंच करून म्हणजे जॅकमध्ये दाबून बसवून दिली, काम झालं.

आणि केबल तपासायचा तो दिवे लुकलुकणारा स्वस्त टेस्टर, त्यावर फार विश्वास नको. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी अशा जोड्या ओळीने प्लगमध्ये क्रिम्प केल्या तरी तो एक ते आठ सगळे दिवे दाखवतो. पण ३ आणि ६ नंबरच्या तारा एकाच जोडीत लागतात, मधल्या ४-५ वर निळी. ती जोडी फुटली की दिवे ओके आणि नेट रडणार. आम्ही दोन्ही टोकांना ५६८ बी, म्हणजे तारांच्या रंगांचा ठरलेला क्रम, करतो आणि प्रत्येक जॅकवर नंबर टाकून कुठली केबल कुठे गेली त्याचा कागद मालकाला देतो.

सध्या जास्त काम नवीन बंगले आणि रिनोव्हेशनचं आहे. प्रत्येक खोलीत दोन पॉइंट, टीव्हीमागे दोन, छताला वायफायच्या अॅक्सेस पॉइंटसाठी एक, गेटच्या कॅमेऱ्याला एक, आणि सगळं जिन्याखालच्या छोट्या रॅकमध्ये. फायबरवाल्याचा बॉक्स पण तिथेच बसवून घ्या, नाहीतर तो हॉलमध्ये लावून मोकळा होतो. फक्त प्लॅस्टर व्हायच्या आधी फोन करा, पीओपी झाल्यावर नाही.