मंगळवार बाजारातली सी-९०: वेग सापडला!

मंडळी, जुन्या कॅसेटवरची रेडिओची रेकॉर्डिंग संगणकावर उतरवताना मागच्या वेळी जिच्यावर गाडी अडली होती, त्या सी-९०च्या, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या, ए बाजूचा भरतानाचा वेग सापडला. बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हे लिहितोय.

बी बाजूनं त्रास दिला नाही. आकाशवाणीवरच्या 'पुन्हा प्रपंच' या मालिकेचा तुकडा आहे. बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीनावहिनी कानात इतक्या पक्क्या बसल्यात की वेग कानानंच जुळवला.

ए बाजूला रात्रीची एक विनोदी श्रुतिका आहे. सुरुवात कापलेली, नावं नाहीत, एकही आवाज ओळखीचा नाही. टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) सेलवर चालवलेला आणि सेल उतरत गेलेले. म्हणजे भरताना टेप मंदावत गेली. माझा कॅसेट डेक मात्र ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरल्या वेगानं ओढतो, त्यामुळे आवाज चढत चढत चिरका होतो. नेमका किती चढला, हे कशावरून ठरवायचं? घरच्या विजेवर भरलेल्या टेपमध्ये ५० हर्ट्झची घरघर तरी सापडते. इथं तीही नाही.

शेवटी मोजपट्टी रेडिओनंच दिली. मध्यम लहरींवरची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली असतात. मुंबई ५५८, पुणे ७९२, दोन्ही आकड्यांना ९ नं भाग जातो. रात्री लांबची केंद्रं घुसायला लागली की शेजारच्या केंद्राची वाहक लहर (जिच्यावर आवाज स्वार होऊन येतो ती) आपल्या केंद्राच्या लहरीत मिसळते आणि ९ किलोहर्ट्झची बारीक शिट्टी उमटते. सोलापुरात बसून रात्री मुंबई ऐकणाऱ्यांनी ती सोसलेली आहे. ती टेपवर उतरली असेल, तर प्रत्येक क्षणाचा वेग तिच्यावरून मोजता येईल.

पण स्पेक्ट्रोग्राममध्ये, म्हणजे आवाजातल्या कंपनसंख्यांच्या चित्रात, काहीच दिसेना. या वेगाला ९ किलोहर्ट्झची एक लाट टेपवर जेमतेम ५.३ मायक्रॉनची असते. टेप वाचणारं हेड केसभर तिरकं असलं तरी ती पुसली जाते. मग हेडचा तिरकेपणा (अझिमथ) जुळवणारा स्क्रू घेऊन बसलो. रेकॉर्डिंग मोनो आहे, म्हणून दोन्ही चॅनेल एकत्र करून ऐकायचं आणि 'स', 'श' सर्वांत धारदार येतील तिथं थांबायचं. स्क्रूड्रायव्हर चुंबकत्व नसलेलाच घ्या, यात काटकसर नको. अगदी पाव फेऱ्याच्या आत त्या शिट्टीची रेषा स्पेक्ट्रोग्राममध्ये उमटली! फिकट, पण सलग. सुरुवातीला ९ किलोहर्ट्झच्या जवळ, शेवटाला ९.६ च्या आसपास. म्हणजे अर्ध्या सुराहून थोडी जास्तच चढ. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये वेग बदलणाऱ्या टाइम ट्रॅकवर त्या रेषेच्या उलट वक्र काढला आणि पुन्हा ऐकलं.

जिला इतके दिवस सून समजत होतो, ती सासू निघाली! शेवटच्या प्रवेशातलं तिचं उत्तर आता कुठे नीट बसतं, आणि त्यावर श्रोते का हसतात तेही कळतं. या कामात यापेक्षा मोठं सुख मला ठाऊक नाही.

एक इशारा. खरखर काढणारं नॉइज रिडक्शन आधी मारू नका, ही रेषा त्यात पहिली जाते. मूळ ट्रान्सफर (संगणकावर उतरवलेली पहिली फाइल) २४ बिट वेव्हमध्ये तसाच ठेवा, सफाई नेहमी प्रतीवर करा. आणि आपल्याकडच्या उन्हात प्रेशर पॅडचा (टेप हेडवर दाबून धरणाऱ्या छोट्या गादीचा) गोंद सुटतो, तेव्हा कॅसेट लावण्याआधी पॅड जागेवर आहे का बघा. या कॅसेटचा सुटला होता, म्हणून टेप स्क्रूनं उघडणाऱ्या दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात (शेलमध्ये) हलवली. डेकसाठी ऑनलाइन मागवलेले रबरी बेल्ट सैल निघाले. नव्या पेठेतल्या मिस्त्रींकडे जुना बेल्ट नेऊन मापानं घेतलेले उत्तम चालतायत.

पुढं बार्शीहून आलेली कॅसेटची खोकी उघडणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं की वेगामुळे बाजूला ठेवलेल्या सगळ्या रात्रीच्या कॅसेटमध्ये ही शिट्टी असू शकते. मूळ ट्रान्सफर आहेतच, तेव्हा आधी तेच तपासतो. रेषा दिसली नाही, तर अझिमथ लावून पुन्हा उतरवतो. खोकी थांबतील.

श्रुतिका उघड्यावर टाकणार नाही, हक्क आपले नाहीत. पण आकाशवाणीवरच्या जुन्या कलाकारांचे आवाज ज्यांना ओळखता येतात, त्यांनी जरूर कळवा. सासूचा तुकडा ऐकवतो.