पाणी बेकु

माझा धाकटा मुलगा अडीच वर्षांचा झाला, तेव्हा त्याला जेमतेम दहा-बारा शब्द येत होते. आम्ही बेळगावात शहापूर भागात राहतो. घरात मराठी बोलली जाते, आणि मी नोकरीवर असताना त्याला सांभाळणाऱ्या शेजारच्या अज्जी मूळच्या बैलहोंगलच्या असल्यामुळे त्यांच्याकडे त्याच्या कानावर दिवसभर कन्नड पडत असे. ज्या दवाखान्यात त्याला प्रथम दाखवले, तिथे पाच मिनिटांत कारण सांगण्यात आले : दोन भाषांमुळे मूल गोंधळले आहे, एकच भाषा ठेवा.

आम्ही ते मानले आणि त्याला अज्जींकडे पाठवणे बंद केले. 'ऊटा माडु बा', म्हणजे 'जेवायला ये', म्हणत घासागणिक त्याच्याशी बोलणारे माणूस आम्ही त्याच्यापासून तोडले, आणि त्या सात महिन्यांत त्याची मराठी तर वाढली नाहीच, उलट तो हाताला धरून, बोट दाखवून मागू लागला. शेजारीपाजारी धीर देत, 'उशिरा बोलतंय, खरं बोलतंय की!' आपल्या भागातल्या या 'खरं'वर, म्हणजे 'पण'वर, आम्ही फार दिवस विसंबून राहिलो.

पुढे एका स्पीच थेरपिस्ट बाईंनी पहिला प्रश्न विचारला, 'कान तपासले का?' तपासले नव्हते. वारंवार होणाऱ्या सर्दीमुळे त्याच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठले होते. अशा मुलाला दार आपटल्याचा आवाज येतो, हाक मारली तर ते वळूनही पाहते, म्हणून घरच्यांना संशय येत नाही. पण बोलण्यातले स, श, फ यांसारखे हलके ध्वनी त्याच्यापर्यंत धड पोहोचत नाहीत. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणे अपेक्षित असते. ते दिसत नसेल, तर वाट पाहत बसण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी, हे मला सात महिने वाया गेल्यावर कळले.

कानांवर उपचार झाले आणि बाईंच्या सांगण्यावरून अज्जींकडे जाणेही पुन्हा सुरू झाले. दोन भाषा ऐकल्याने भाषाविकार जडत नाही. भाषा आत्मसात करण्यातच अडचण असेल, तर ती दोन्ही भाषांत दिसते, आणि एकाच भाषेत मूल मागे असेल, तर बहुधा ती भाषा त्याच्या कानावर कमी पडलेली असते. बाईंनी मला एका वहीत दोन रकाने आखायला लावले. महिन्याभराने मोजले, तर मराठीच्या रकान्यात १९ शब्द होते आणि कन्नडच्या रकान्यात १६. पूर्वी आम्ही फक्त मराठी शब्द मोजत होतो, म्हणजे त्याची निम्मी भाषा आमच्या हिशेबातच नव्हती. वहीत तळाशी मी जरा खजील होऊनच लिहिले होते, 'पाणी बेकु.' 'बेकु' म्हणजे कन्नडमध्ये 'हवे'. मला ती सरमिसळ वाटली. बाई मात्र मनापासून आनंदल्या, कारण ते त्याचे पहिले दोन शब्दांचे वाक्य होते.

सीमाभागातल्या मुलांच्या तपासणीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आमच्याकडे 'मी सांगितलो' असे सर्रास म्हणतात. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते, आणि शेकडो वर्षांच्या शेजारामुळे ती चाल आमच्या मराठीत मुरली आहे. पुण्याच्या पुस्तकी मराठीवर बेतलेली चाचणी लावली, तर घरातल्या मोठ्या माणसांसारखेच बोलणारे मूल व्याकरणात चुकणारे ठरेल. याच्या उलटही घडते. माझ्या मुलाला एके ठिकाणी कन्नड चाचणीतले माशाचे चित्र दाखवले, तेव्हा तो स्पष्टपणे 'मासा' म्हणाला. 'मीनु' म्हणाला नाही म्हणून ते उत्तर चूक धरले गेले. मूल अडखळते आहे की केवळ आपल्या मुलखासारखे बोलते आहे, हे ठरवायला दोन्ही भाषा जाणणारे, निदान घरच्यांना नीट विचारणारे माणूस लागते. भाषेचा प्रश्न इथे १९५६ पासून, म्हणजे राज्यपुनर्रचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासून, जिव्हाळ्याचा आणि दुखराही आहे, म्हणूनच मुलाच्या न बोलण्याचे खापर पटकन दुसऱ्या भाषेवर फुटते, आणि तसे ते कन्नड घरांत मराठीवरही फुटत असणार.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि सरकारी शाळांत मुलांची मोफत तपासणी करतात. बहिरेपणा आणि भाषाविकासातला विलंब दोन्ही त्यांच्या यादीत आहेत. पथक येईल त्या दिवशी आईने किंवा आजीने तिथे हजर राहून मूल घरी काय काय बोलते ते सांगावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे, हे शाळेशी बोलताना माझ्या उपयोगी पडले.

आता तो मराठी शाळेत दुसरीत आहे. जोडाक्षरे वाचताना अजून अडतो, त्यामुळे मंगळवारची थेरपी चालू आहे. तिथून परतल्यावर तो आधी अज्जींच्या पायरीवर बसून आज काय काय झाले ते त्यांना कन्नडमध्ये सांगतो, आणि मग आत येऊन तेच सगळे मला मराठीत.