कॉपर म्हणून भरलेली मोटर

ऐन मे महिन्यात नाशिकला आमच्या पाथर्डी फाट्यावरच्या रो-हाऊसची पाण्याची मोटर जळाली. आमच्या भागाला मुकणे धरणाचं पाणी विल्होळीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येतं. ते खालच्या टाकीत पडतं आणि तिथून एक एचपीच्या मोनोब्लॉकने, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र असलेल्या यंत्राने, गच्चीवर चढवायचं. मोटर गेली की खाली टाकी तुडुंब आणि वर नळ कोरडे. ओळखीच्या प्लंबरने भाड्याची मोटर लावून दिली आणि आमची जळकी सिडकोतल्या एका रिवाइंडिंगच्या, म्हणजे मोटरमध्ये नवी तार भरून देणाऱ्या, दुकानात टाकायला सांगितलं.

दुकानदार बोलायला गोड. ‘कॉपर भरतो काका, परवा घेऊन जा. सव्वीसशे होतील.’ मी चिठ्ठी मागितली तर म्हणाला, इथे कोणी चिठ्ठी मागत नाही. तरी मी हटलो नाही. वहीचं पान फाडून त्याने मोटरचा नंबर, रक्कम आणि ‘कॉपर वाइंडिंग’ एवढं लिहिलं, खाली दुकानाचा शिक्का मारला.

परवाचं पुढे काय झालं ते सगळ्यांना पाठ असेल. पोरगा आला नाही, वार्निश वाळलं नाही, लाईट नव्हती, लग्नाला गेलो होतो. फोन उचलला तर ‘उद्या नक्की’. इकडे भाड्याच्या मोटरचं मीटर चालूच. या लोकांच्या मनात पाप असतंच असं मला वाटत नाही. ‘उद्या’ म्हणायला त्यांना काही खर्च येत नाही, एवढंच. खर्च येतो तो आपल्याला.

शेवटी मोटर मिळाली. पैसे ऑनलाइन दिले आणि बिल मागितलं. ‘बिल पाहिजे तर अठरा टक्के वर लागतील.’ मी दुकानाची पाटी पाहिली. जीएसटी नोंदणी असलेल्याने नंबर पाटीवर लावायचा असतो, तो कुठे दिसला नाही. नोंदणीच नसेल तर जीएसटी घेताच येत नाही, साधं बिल मात्र देता येतं. हे मी शांतपणे सांगितलं. त्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

घरी मोटर बसवली तर दहा मिनिटांत हात लावता येईना, आणि थोड्या वेळाने ओव्हरलोड, म्हणजे जास्त ताण आला की मोटर बंद करणारा स्विच, पडायचा. दुकानदाराचं उत्तर तयार होतं : तुमच्याकडे व्होल्टेज कमी आहे, नाहीतर तुम्ही कोरडी चालवली असेल. आता भाड्याची मोटर त्याच टाकीवर, त्याच व्होल्टेजवर इतके दिवस थंड चालली होती, ती कशी? याला उत्तर नाही.

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत, अंबडच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते, आता रिटायर. त्यांनी मोटर उघडण्याआधी मला मोबाईलवर व्हिडिओ सुरू करायला लावला. चिठ्ठी, प्लेटवरचा नंबर, मग स्क्रू, सगळं एका दमात. मागचं कव्हर काढल्यावर तांबूस तारांची गुंडाळी दिसली. मी म्हटलं, कॉपरच आहे की. अण्णा हसले. तो रंग तारेवरच्या इनॅमलच्या लेपाचा असतो. त्यांनी जोडाजवळचं तारेचं एक टोक पक्कडीने कापून माझ्यापुढे धरलं. आतून पांढरं, चकचकीत ॲल्युमिनियम.

ॲल्युमिनियमची मोटर म्हणजे फसवणूकच असं नाही, कंपन्याही बनवतात. पण ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहून नेतं, म्हणून तिथे तार जाड लागते आणि त्या तारेला पुरेल अशी जागा आधीच ठेवलेली असते. तांब्यासाठी केलेल्या खाचांत तेवढीच ॲल्युमिनियमची तार कोंबली तर ती तापणारच. अण्णांनी जाता जाता विचारलं, ‘आणि तुमच्या जुन्या मोटरमधलं तांबं कुठंय?’ हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तांब्याला भंगारात चांगला भाव मिळतो. म्हणजे माझं तांबं त्याने ठेवलं, मला ॲल्युमिनियम दिलं, आणि पैसे तांब्याचे घेतले.

दुकानात जाऊन आवाज चढवायची फार इच्छा होती. त्याऐवजी व्हॉट्सॲपवर चिठ्ठीचा फोटो, पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट आणि तो व्हिडिओ पाठवला, आणि खाली एकच प्रश्न : कॉपर लिहून ॲल्युमिनियम का भरलं? रात्री व्हॉइस मेसेज आला. ‘काका, एवढ्या पैशात सगळे हेच भरतात, आणि मोटर तुम्ही उघडली ना, आता गॅरंटी गेली.’ मला यापेक्षा चांगला पुरावा कोणी दिला नसता.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवून घेतली, पण बाईंनी स्पष्ट सांगितलं की मोठ्या कंपन्यांकडे तक्रार थेट जाते, एकट्या दुकानदाराला आधी लेखी नोटीस द्या, नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मग २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा चाळला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांच्या आत करायची, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. सेवेचं बिल न देणं हीसुद्धा त्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, म्हणजे ‘बिलाचे अठरा टक्के’वाला संवादही कामाला आला.

नोटीस मीच लिहिली, एक पान. काय ठरलं, काय दिलं, काय सापडलं, आणि मला काय हवं : तांब्याचं वाइंडिंग किंवा सव्वीसशे परत, जुन्या तांब्याची किंमत, मोटरचं भाडं आणि बिल. पंधरा दिवसांची मुदत. ‘चोर’, ‘लबाड’ हे शब्द मुलीने खोडायला लावले. स्पीड पोस्टाने पाठवली.

पोच मिळाली त्याच संध्याकाळी फोन. ‘काका, घरच्यासारखे तुम्ही, कागद कशाला पाठवला?’ मी मागण्या पुन्हा वाचून दाखवल्या. जुनं तांबं केव्हाच विकलं होतं. भाड्याचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. शेवटी तोडगा निघाला तो असा : तांब्याचं वाइंडिंग फुकट, माझ्यासमोर, आणि पक्कं बिल. अण्णा स्टूल टाकून त्याच्या दुकानात बसले आणि पोराने भरायला घेतलेल्या प्रत्येक रिळाचं टोक कापून बघत राहिले. पोरगा वैतागला, पण काम झकास केलं. बिलावर ‘कॉपर’ आणि सहा महिन्यांची गॅरंटी लिहून घेतली. मोटर आता तासभर चालली तरी कोमट होते, तेवढंच.

भाड्याचे आणि जुन्या तांब्याचे पैसे मी सोडून दिले. बायकोला ते अजिबात पटलेलं नाही. तिचं म्हणणं, दोन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही.