‘च’ची भाषा

परवा दुपारी खिडकीखाली दोन मुली दबक्या आवाजात बोलत होत्या. ‘चुठेक चेलीसग?’ एकीने विचारले. दुसरी म्हणाली, ‘चिकडेत.’ कुठे गेलीस आणि तिकडे, एवढाच मजकूर. लपवण्याजोगे त्यात काही नव्हते, लपवल्याचा आनंद मात्र पुरेपूर होता.

बालपणी आम्हीही ही भाषा अस्खलित बोलत असू, आणि ती आम्हाला कोणी शिकवली हे आठवत नाही. बाराखडी घोकताना ‘कु’ हे सबंध एक अक्षर म्हणूनच तोंडी बसते. क् आणि उ अशी फोड व्याकरणाच्या तासाला बरीच उशिरा भेटते. तरीही ‘कुठे’चे ‘चुठेक’ करणारे मूल क् तेवढा अलगद उचलून शेवटी नेते आणि उ जागच्या जागी ठेवते. पाटीवर जे एक आहे, ते मनात दोन आहे.

त्याहून गंमत ‘च’ची. ‘चुठेक’मधला च ‘चुलत’मधला असतो, तर ‘चिकडेत’मधला ‘चिमणी’मधला. ‘त्याचा’ म्हणताना एक आणि ‘त्याची’ म्हणताना दुसरा च आपण उच्चारतो, पण ते पाठ झाले असेल असे म्हणता येते. ‘चिकडेत’ हा शब्द मात्र कोणत्याच कोशात नसताना जीभ तिथेही ई-काराचा मान राखते. व्हिक्टोरिया फ्रॉमकिन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी माणसांच्या बोलण्यातल्या घसरणी जमवून १९७१ साली त्यांवर लेख लिहिला. त्यात त्यांना हेच दिसले: इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडून दोन शब्दांतले ध्वनी अदलाबदल होऊन निरर्थक शब्द बाहेर पडला, तरी त्याच्या आधीचे ‘अ’ किंवा ‘अ‍ॅन’ त्या निरर्थक शब्दालाच जुळवून घेते. चूकसुद्धा नियमाने होते, हे मला फार आवडते. (शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्यांना ते कितपत आवडेल, कोण जाणे.)

स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांचे काय करायचे, हा आमच्या टोळीतला कायमचा तंटा होता. ‘आई’चे काही जण नुसते ‘चाई’ करीत, कारण शेवटी पाठवायला व्यंजनच नाही. काही जण हट्टाने ‘चाईअ’ म्हणत. मी ‘चाई’वाल्यांपैकी होतो आणि अजूनही आहे.